सोंग आणि स्वरूप

(धर्मग्रामाच्या जयंती महोत्सवानिमित्त यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



जयंती महोत्सव आला म्हणजे गतवर्षांचा हिशोब मांडण्याची चाल आहे. स्नानसंस्कार किती झाले, विवाह किती लागले, मंदिराची भिंत केव्हा उभी राहिली आणि घंटा कोणी अर्पण केली, हे सर्व इतर वक्ते सांगतील, व ते सांगितलेच पाहिजे. आम्ही मात्र आज आपल्यापुढे निराळाच हिशोब ठेवू इच्छितो. तो कोणत्याही वहीत लिहिलेला नाही. ज्याचा त्यानेच तो आपल्या अंतःकरणात पाहावयाचा आहे.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम दिला आहे. दर पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे. ज्याने गरजेपोटी आपले वतन विकले असेल त्यास ते परत मिळावे. जो परक्याच्या घरी राबत असेल त्याने आपल्या कुळाकडे मोकळेपणाने जावे, असा त्या नियमाचा आशय आहे. ज्याचे जे आहे ते त्यास परत मिळणे, हा जयंतीचा मूळ अर्थ होय. परंतु शेत गहाण पडण्याच्या पुष्कळ आधी मनुष्याची एक वस्तू गहाण पडलेली असते, आणि ती म्हणजे त्याचे स्वतःचे खरे रूप. लोकलज्जेच्या, भीतीच्या किंवा लोभाच्या सावकाराकडे ती पडून राहते, आणि व्याज मात्र आयुष्यभर भरावे लागते. ती वस्तू सोडवून कशी आणावी, याचाच विचार आज आपण करू.

आपल्या खेड्यांतून सुगी झाल्यावर बहुरूपी येत असे, हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. तो कधी फौजदार होई, कधी साधू होई, कधी वैद्य होई. पाहणाऱ्यास ते सोंग आहे हे ठाऊक असे, आणि सोंग आणणाऱ्यासही ठाऊक असे. सायंकाळी तो रंग धुऊन टाकी आणि आपल्या मुलाबाळांत बाप म्हणून बसे. म्हणून त्याच्या सोंगात पाप नव्हते. आपण आणतो ती सोंगे याहून वाईट असतात, कारण ती सायंकाळी उतरत नाहीत. मंदिरात एक मुद्रा, कचेरीत दुसरी, सोयऱ्यांपुढे तिसरी, आणि घराचे दार लावल्यावर चौथी, असे होता होता यांपैकी आपली कोणती, हे आपले आपणांसच कळेनासे होते.

येथे प्रथम दोन भ्रम दूर केले पाहिजेत. आजकाल पुष्कळ तरुणांच्या तोंडी असे ऐकू येते की, 'मी जसा आहे तसा राहीन'. म्हणणे चांगले आहे. परंतु त्याचा अर्थ मनात येईल ते करणे असा घेतला, तर मनुष्य आपल्या स्वरूपाचा धनी न होता आपल्या लहरींचा गडी होतो. राग आला तो बोलून दाखविला, म्हणजे मनुष्य खरा झाला असे नाही. कारण राग निवळल्यावर त्यास जी लाज वाटते, ती लाजही त्याच्या स्वरूपाचाच भाग आहे. दुसरा भ्रम याच्या उलट आहे. चारचौघांनी जे नेमून दिले, जातीने, कुळाने, शेजाऱ्याने जो साचा पुढे केला, त्यात बसणे हेच आपले स्वरूप, असे कित्येकांस वाटते. हे दोन्ही भ्रम मनुष्यास त्याच्या निर्माणकर्त्यापासून दूर नेतात. आपले खरे रूप आपण स्वतः घडविलेले नाही, आणि शेजाऱ्यानेही घडविलेले नाही. ते देवाने दिले आहे. ते ओळखावयाचे आहे, आणि मग जन्मभर कसून जोपासावयाचे आहे.

ही शिकवण आमच्या पदरची नव्हे. या विदर्भभूमीत कॅथोलिक धर्मकार्याचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या थोर गुरूची ती आहे, म्हणून तिच्यावर आपला वारसाहक्कच आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव नागपूरच्या महामंदिरास व तेथील जुन्या विद्यालयास दिलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु हा पुरुष कोण होता, हे आपल्यापैकी थोड्यांस माहीत असेल.

सन १५६७ मध्ये सव्हॉय प्रांतातील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. ज्येष्ठ पुत्राने कायदा शिकावा, मोठ्या अधिकारावर बसावे, तोलामोलाच्या घरची मुलगी करावी, असा वडिलांचा निश्चय होता. मुलगा आज्ञाधारक होता. तो पॅरिसला शिकला, पादुआ येथे त्याने कायद्याची उच्च पदवी मिळविली. परंतु धर्मगुरू व्हावे ही ओढ त्याच्या ठिकाणी बाळपणापासून होती, व ती त्याने मरू दिली नाही. वडिलांशी त्याने भांडण केले नाही, आणि वडिलांस बरे वाटावे म्हणून खोटे आयुष्यही पत्करले नाही. धीराने वाट पाहून त्याने अखेर त्यांची संमती मिळविली, आणि सन १५९३ मध्ये तो धर्मगुरू झाला. आज ज्या आईबापांस आपल्या मुलाने अमुकच व्हावे असे वाटते, आणि ज्या मुलांस आईबापांपुढे तोंड उघडण्याचे धैर्य होत नाही, त्या दोघांनीही हा प्रसंग मनाशी घोळवावा.

पॅरिस येथे शिकत असता याच तरुणास एका भयंकर विचाराने ग्रासले. आपण देवाने टाकून दिलेल्यांपैकी आहोत, आपल्यासाठी तारण नाही, असे त्यास वाटू लागले. कित्येक आठवडे अन्न रुचेना, झोप लागेना. अखेर पवित्र मातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्याने मनोमन ठरविले की, पुढे माझे काहीही होवो, या जन्मी तरी मी देवावर प्रीती करीन. त्या क्षणी ते ओझे उतरले. पुढे जो मनुष्य सौम्यपणाविषयी जगप्रसिद्ध झाला, त्याचा सौम्यपणा असा अंधारातून आलेला होता. तो मुखवटा नव्हता. स्वभावाने ते शीघ्रकोपी होते, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. स्वभाव नाकारून त्यांनी तो जिंकला नाही. तो ओळखून, दररोज थोडा थोडा वळवून जिंकला.

सन १६०२ मध्ये ते जिनीव्हाचे महागुरुस्वामी झाले व आनसी नगरात राहू लागले. सन १६०९ मध्ये त्यांनी भक्तिमार्गावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत सामान्य समज असा होता की, खरी भक्ती ही मठातील तपस्व्यांची गोष्ट. प्रपंचात पडलेल्यांनी जमेल तेवढे करावे. या ग्रंथाने तो समज मोडला. देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा प्रत्येक झाडास आपापल्या जातीचे फळ देण्याची आज्ञा केली. तद्वत् प्रत्येक ख्रिस्ती जनाने आपापल्या स्थितीस शोभेल असे भक्तीचे फळ द्यावे, असे प्रतिपादन त्यांनी केले. महागुरुस्वामीने अरण्यवासी संन्याशासारखे एकांतात राहू नये. संसारी गृहस्थाने सर्वस्वत्यागी भिक्षूप्रमाणे द्रव्याविषयी बेफिकीर असू नये. कारागिराने दिवसभर मंदिरात बसून राहू नये. जी भक्ती मनुष्याच्या धंद्याचा व कर्तव्याचा नाश करते ती खोटी समजावी, असे त्यांचे मत होते. आणि एका विवाहित स्त्रीस पत्र लिहिताना त्यांनी हाच विचार थोडक्यात सांगितला: आपण जे आहोत तेच असावे, परंतु ते चांगल्या प्रकारे असावे, कारण ज्या कारागिराची आपण कृती आहोत त्याचा मान त्यात आहे.

बंधुभगिनींनो, हा विचार आपल्या मातीत लावून पाहा. कपाशी वेचणारी बाई पहाटे उठून ओटीत बोंडे भरते. तिने धर्मभगिनीचे वेळापत्रक आपल्या अंगावर ओढून घ्यावे, असे देव सांगत नाही. ओळीच्या शेवटी क्षणभर उभी राहून ती प्रभूचे नाव घेईल, मुकादमाच्या काट्यावर खोटे वजन होऊ देणार नाही, आणि शेजारणीच्या तान्ह्या मुलास सावलीत निजवील, तर तिची भक्ती पूर्ण आहे. शिक्षकाने आपला वर्ग मनापासून शिकवावा. परिचारिकेने रात्रपाळीत रोग्याच्या हाकेस ओ द्यावी. दुकानदाराने माप भरून द्यावे. दुसऱ्याच्या पावित्र्याची नक्कल करीत बसणे हेही एक सोंगच आहे, आणि धर्माच्या नावाखाली असल्यामुळे ते ओळखणे अधिक कठीण.

या संतपुरुषाची आणखी एक गोष्ट सांगतो. मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण त्यांस भेटला. त्या काळी अशा मनुष्यास धर्मशिक्षण देता येत नाही असे समजत. फ्रान्सिस यांनी त्यास 'तू ऐकू येणाऱ्यांसारखा हो' असे म्हटले नाही. ते स्वतः खुणांची भाषा जुळवू लागले, व त्या खुणांनीच त्यांनी त्यास देवाची ओळख करून दिली. याच कारणास्तव मूकबधिर जन त्यांस आपला आश्रयदाता मानतात. मनुष्यास त्याच्या खऱ्या रूपाने जगू देणे म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट धडा आम्हांस ठाऊक नाही. समोरच्याने आपल्यासारखे व्हावे असा हट्ट आपण सोडावा, आणि दोन पावले त्याच्याकडे चालून जावे.

आता हा विचार आपणांपर्यंत कसा आला ते पाहू. सन १८३८ मध्ये फादर पीटर मेरी मर्मिये यांनी आनसीच्या त्याच धर्मप्रांतात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. सन १८४५ मध्ये त्यांचे पहिले लोक हिंदुस्थानाकडे निघाले. पूर्वकिनाऱ्यावरील विशाखापट्टणापासून त्यांचे कार्य पसरत मध्यप्रांतात आले. सन १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. आणि सन १९५५ मध्ये त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला, ज्याच्या छायेत आपला यवतमाळ जिल्हा येतो. डोंगराळ सव्हॉयमधून आलेली ती माणसे या उन्हात, या काळ्या जमिनीवर राहिली व येथेच मातीस मिळाली. त्यांचे ऋण आपण मान्य करतोच.

परंतु त्याबरोबर एक प्रश्न प्रामाणिकपणे पुढे ठेवला पाहिजे. परदेशी हातांनी आलेला धर्म स्वीकारल्याने आपण परके झालो काय? आपल्या शेजाऱ्यांपैकी काहींस तसे वाटते. आणि याहून दुःखाची गोष्ट ही की, आपल्यापैकीही काहींस तसे वाटते. म्हणून मुलांची नावे, पोशाख, बोलणे यांत कोणी विलायती डौल आणतो, तर कोणी उलट भीतीने गळ्यातील क्रूस सदऱ्याच्या आत लपवितो. ही दोन्ही सोंगे एकाच शंकेतून उपजली आहेत. त्या शंकेचे उत्तर आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट सन १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांनी येथल्या लोकांवर आपली भाषा लादली नाही. लोकांची भाषा ते शिकले, आणि तिच्या इतक्या प्रेमात पडले की, सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत रचले. ते सन १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. आपल्या ग्रंथात त्यांनी मराठीची थोरवी ज्या शब्दांत गायिली, त्या शब्दांचा अभिमान आजही मराठी वाचक पंथभेद न पाहता बाळगतात. पुढे सन १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात उलट फर्मान काढले, की लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ते फर्मान आज विस्मृतीत गेले आहे. स्टीफन्सचे पुराण जिवंत आहे. ज्याने लोकांस त्यांच्या स्वरूपात जवळ केले, त्याचेच काम टिकले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु सत्य जेथे दिसेल तेथे त्याचा आदर करावा. सन १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यांच्यावर माया करणाऱ्या भगिनींची अशी इच्छा होती की, रमाबाईंनी तेथील रीतीभाती स्वीकाराव्यात. रमाबाईंनी ख्रिस्त मनापासून स्वीकारला, परंतु शाकाहार सोडला नाही; आणि लॅटिन अक्षरे कोरलेल्या क्रूसाचा प्रश्न आला तेव्हा, आपणांस न समजणाऱ्या त्या भाषेहून आपली संस्कृत उणी आहे हे त्यांनी मान्य केले नाही. यात उद्धटपणा नव्हता. देवापुढे उभे राहावयाचे ते दुसऱ्याचे वस्त्र उसने घेऊन नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, ती खेड्यातील अल्पशिक्षित बायकांस ते समजावे म्हणून.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपुराहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली, आणि त्यातून त्यांच्या हाती नवा करार आला. सन १८९५ मध्ये मुंबई येथे त्यांनी स्नानसंस्कार घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस हा घाव केवढा झाला, आणि पुढे त्याही आपल्या विचाराने, कोणाच्या ओढीने नव्हे, ख्रिस्ताकडे कशा आल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे. टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांची अभंगवाणी टाकली नाही. तिच्यातूनच ते ख्रिस्ताशी बोलले. आणि सन १९१७ मध्ये, मिशनच्या पगारावर राहून आपल्या देशबांधवांपुढे आपण पूर्ण मोकळे नाही असे वाटताच त्यांनी तो पगार सोडला, व 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण गमावणे नव्हे, हे या तिघांनी आपापल्या परीने दाखवून दिले. ख्रिस्तसभेनेही द्वितीय व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक घोषणेने, लोकांच्या भाषेस वेदीपाशी स्थान दिले. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो. म्हणून आपल्या जिल्ह्यातील एखादे मूल गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलीत आजीबरोबर प्रार्थना म्हणत असेल, तर त्यास हसू नये. देवास ती बोली कळते. तीच तर त्याने त्या आजीच्या ओठी घातली.

आतापर्यंत ऐकावयास सोपे असे आम्ही बोललो. आता अवघड भागाकडे येतो. खरे रूप प्रकट करण्यास किंमत पडते, आणि ती सर्वांस सारखी पडत नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. सन १९५६ मध्ये शीख व सन १९९० मध्ये बौद्ध बांधवांस तो लागू झाला. ख्रिस्ती व मुसलमान यांस नाही. त्यामुळे आपल्या कित्येक घरांत एक नाव मंदिराच्या वहीत व दुसरे शाळेच्या दाखल्यावर, असे झाले आहे. पंगतीला दूर बसविणाऱ्या समाजाने स्नानसंस्कार पाहून कोणास जवळ केले नाही. दाखला मात्र गेला. अशा घरास 'सोंगाडे' म्हणण्याचा अधिकार ज्याचे काहीच गेले नाही त्यास नाही. हा प्रश्न न्यायालयांत व सरकारदरबारी दीर्घकाळ मांडला गेला आहे, आणि न्याय मागत राहणे हेही प्रामाणिकपणाचेच काम होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर लक्षावधी लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तेव्हा इतरांनी लादलेली ओळख त्यांनी उतरवून ठेवली. त्यांतील पुष्कळ आज आपले शेजारी आहेत. त्यांचे धैर्य आपण आदराने पाहावे. आपल्या धर्मग्रामाने एवढे तरी करावे की, येथे तरी कोणास आपले मूळ लपविण्याची गरज पडू नये. वेदीपुढे बसण्याच्या जागेत, सोयरिकीच्या बोलण्यात, मंडळांच्या निवडीत जर जुनी उतरंड उरली असेल, तर बाहेरच्या अन्यायावर बोलताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून दुखरी आहे. हा जिल्हा कापसाचा. पांढऱ्या सोन्याचा मान आपण मिरविला, आणि कोरडवाहू शेतीचे दुःखही आपणच भोगले. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार लेकरांसह जीवन संपविले, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून आजही अनेक लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतर किती घरांवर ही कुऱ्हाड कोसळली, हे आपण जवळून पाहिले आहे. त्याची कारणे पाऊस, भाव, कर्ज, बियाणे, बोंडअळी, बाजार अशी अनेक आहेत. मेलेल्यावर दोष ठेवणे हे घोर पाप होईल. परंतु जिवंतांसाठी एक गोष्ट बोललीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी कर्जाच्या ओझ्यावर आणखी एक ओझे चढते, आणि ते म्हणजे 'काही नाही, सर्व ठीक आहे' असे दाखविण्याचे. मुलीचे लग्न ऐपतीबाहेर करावे लागते, कारण चारचौघांत मान जाईल. बँकेची नोटीस खिशात ठेवून मनुष्य पारावर हसत बसतो. घरच्या लक्ष्मीसही आकडा ठाऊक नसतो. हे सोंग आणण्यास त्यास आपणच भाग पाडतो. कारण ज्याने खरे सांगितले त्याची आपण चर्चा केली, त्यास मदत केली नाही.

अशा मृत्यूविषयी ख्रिस्तसभेची वाणी आज काय आहे, हेही सांगणे अगत्याचे आहे. सन १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आत्मघात हा देवाने दिलेल्या जीवनाविरुद्ध आहे असे सांगून लगेच म्हटले आहे की, तीव्र मानसिक क्लेश, भीती वा यातना यांनी मनुष्याची जबाबदारी कमी होते; त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये; देवास ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यास पश्चात्तापाची संधी मिळू शकते; आणि ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते. म्हणून मागे राहिलेल्या माउलीने तोंड लपवू नये, आणि आपणही तिच्या दारावरून मान खाली घालून जाऊ नये.

या जिल्ह्याने अशाच एका माउलीचे तेज पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९२ वे अधिवेशन आपल्या यवतमाळात भरले, डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले व त्यावरून मोठा वाद झाला. अखेर उद्घाटनाचा मान याच जिल्ह्यातील, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या वैशाली येडे यांस मिळाला. विद्वानांच्या व्यासपीठावर त्यांनी विदुषीचा आव आणला नाही, आणि दीनवाणेपणाही दाखविला नाही. मागे राहिलेल्या बाईचे जगणे काय असते, ते त्यांनी तिच्याच तोंडाने सांगितले, आणि सभागृहास ऐकावे लागले. त्याच्या पुढल्याच वर्षी, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनात अध्यक्षस्थानी एक कॅथोलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, बसले. त्यांनी आपला धर्म लपविला नाही, आणि आपले मराठीपणही नाही. हे दोन प्रसंग आपल्या मुलांस सांगण्याजोगे आहेत.

मग हे शिकावयाचे कसे? आमच्या अल्पबुद्धीस चार गोष्टी सुचतात. पहिली, पापनिवेदन. त्या गुडघे टेकण्याच्या जागी मनुष्य कोणतेही सोंग न घेता बोलतो, आणि बोलून झाल्यावर हाकलला जात नाही, क्षमा पावतो. या संस्कारास जो शिक्षेचे स्थान समजला, त्यास त्याची गोडी कळली नाही. दुसरी, रात्री निजण्यापूर्वी थोडा वेळ आपल्या दिवसाकडे पाहणे: आज मी कोठे खरा वागलो, कोठे भ्यालो, कोठे दुसऱ्याचा तोरा उसना घेतला? तिसरी, एक विश्वासू स्नेही. संत फ्रान्सिस यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच भक्तिमार्गावर चालणाऱ्यास एक वाटाड्या मित्र शोधण्यास सांगितले आहे. ज्यास आपल्या कर्जाचा खरा आकडा सांगता येईल, ज्याच्यापुढे रडता येईल, असा एक तरी मनुष्य प्रत्येकास असावा. आणि मन फारच खचले असेल तर वैद्याकडे जाण्यास लाजू नये, तापाचे औषध घेताना आपण लाजत नाही. चौथी गोष्ट सर्वांत कठीण: आपण स्वतः दुसऱ्यासाठी असा मनुष्य होणे. कोणी आपले खरे दुखणे सांगितले तर ते पारावर नेऊ नये.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा आपण सर्व जाणतो. तो बापाकडे परत आला, हे आपल्या ध्यानात राहते. परंतु त्याच्या आधी एक लहानशी गोष्ट घडली, ती निसटते. तो प्रथम भानावर आला, आपला आपणांस सापडला, आणि मग उठून वाटेस लागला. घरी पोहोचल्यावर चाकराचे सोंग घेऊन कसे बोलावे, याची वाक्ये त्याने पाठ केली होती. बापाने ती पुरी होऊ दिली नाहीत. त्यास चाकर नको होता. आपला मुलगा हवा होता.

बंधुभगिनींनो, या जयंतीच्या दिवशी आपले मंदिर नवे रंगविले जाईल, पताका लागतील, मिरवणूक निघेल. ते सर्व शोभेचे आहे. आमची प्रार्थना एवढीच आहे की, या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कर्जबाजारी शेतकरी असो, विधवा असो, दोन नावांचा विद्यार्थी असो, की बापाच्या मनाविरुद्ध आपली वाट शोधणारी मुलगी असो, येथे आपला मुखवटा उतरवून ठेवता यावा. ज्या कुशल कारागिराने आपणांस घडविले त्याने प्रत्येकास निराळे घडविले आहे. त्याची कृती आपण झाकून ठेवू नये. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मध्यस्थीने व पवित्र मातेच्या आशीर्वादाने, जे आपण आहोत ते चांगल्या प्रकारे असण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.

आमेन.